सांगली-मिरजेतले व्यावसायिक आणि सोशल मीडिया : विश्रामबागेतल्या बैठकीचा वृत्तांत, पुढे काय करायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सांगली, मिरज, कुपवाड आणि तासगावचे आम्ही वीसेक व्यावसायिक गेल्या रविवारी विश्रामबागेत एका क्लासच्या खोलीत जमलो होतो. वक्ता नव्हता, प्रायोजक नव्हता. दंतवैद्य, बालरोगतज्ज्ञ, सीए, वकील, आर्किटेक्ट, मिरजेतले तंतुवाद्य कारागीर, बेदाणावाले, मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, घरी मसाले करून विकणाऱ्या दोन ताई आणि मी. माझा खणभागात छापखाना आहे. लग्नपत्रिकेपासून हळदीच्या पाकिटापर्यंत सगळं छापतो, त्यामुळे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कार्डं माझ्याच मशीनवरून गेलेली. हल्ली कार्डाची ऑर्डर देताना हटकून सांगतात, "इन्स्टाचा क्यूआर टाका." मी टाकतो. पण छपाईआधी स्कॅन करून बघावं तर पानावर कधीतरी टाकलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा आणि पुढे काहीच नाही. काही जण तर अजून गूगलच्या फुकट वेबसाइटचा पत्ता छापून मागतात. त्या साइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ही बैठक घ्यावी असं वाटलं ते यामुळे.

पहिला तास "फेसबुक बरं की इन्स्टा, की यूट्यूब" यातच गेला. मग मी सगळ्यांना कोरे कागद वाटले (छापखान्यातली कटिंगची रद्दी, ती कायम पिशवीत असते) आणि म्हटलं, गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाने, पेशंटने, अशिलाने तुम्हाला जे विचारलं ते जसंच्या तसं लिहा. त्या कागदांनी बैठकीचा नूरच पालटला. दंतवैद्यांचा कागद: "रूट कॅनल किती बैठकांत होतं? कॅप लगेच बसवायची का?" आर्किटेक्टचा: "प्लॉट पुराच्या ब्लू लाइनमध्ये येतो का? गुंठेवारीचा आहे, कर्ज मिळेल का?" बेदाणावाल्या दादांचा: "हिरव्या बेदाण्याला रंग लावता का?" मिरजेच्या सतारमेकरांचा: "तंबोरा बोलत नाही, जवारी गेली का? दुरुस्तीला पाठवू कसा?" (जवारी म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला आणलेला मोकळा नाद.)

माझं ठाम मत असं, की आपल्या गावाच्या व्यावसायिकाला सोशल मीडियावर जे टाकायला हवं ते या कागदावरच आहे. रोज तीच तीच प्रश्नोत्तरं तोंडी करतो, ती एकदा नीट लिहावी किंवा बोलून ठेवावी. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत जागा घेणारा प्रत्येक माणूस पूररेषा विचारतो. ती नकाशावर कशी बघायची, निळी रेषा आणि लाल रेषा यांत फरक काय, हे एखाद्या आर्किटेक्टने तीन मिनिटांत मराठीत समजावलं तर ते पान लोक जपून ठेवतील. सणाच्या शुभेच्छांचं चित्र कुणी जपून ठेवत नाही.

दुसरं मत क्रमाबद्दल. आधी गूगलवरची आपली नोंद, मग व्हॉट्सॲप बिझनेस, आणि हे दोन्ही नीट चालू झाल्यावर बाकीचं. मिरजेला दवाखान्यासाठी कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडून माणसं येतात, जतवरून येतात. ती एसटी स्टँडवर उतरून फोनवर नकाशा उघडतात. तिथे दवाखान्याची वेळ चुकीची, पिन दोन गल्ल्या पलीकडे आणि फोटो कुणा भलत्याच इमारतीचा असेल तर त्या माणसाचा दिवस वाया जातो. नाव आणि वेळ कन्नडमध्येही लिहावी, असं बैठकीत एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी सुचवलं. मला ती त्या दिवसाची सगळ्यात उपयोगी सूचना वाटली.

आता इथल्या जाणकारांना विचारायचंय:
नियमांत काय बसतं, खास करून डॉक्टर-वकील-सीए मंडळींसाठी? एजन्सीला काम द्यावं की स्वतः करावं? आणि ज्यांनी दोन-तीन वर्षं हे केलंय त्यांना खरोखर काय मिळालं?

------

काळा_कोट

बैठकीला मी होतो, पण वेळेअभावी बोलणं अर्धवट राहिलं. वकिलांचं आधी स्पष्ट करतो, कारण नवीन पोरं सर्रास फसतायत.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही, काम मागता येत नाही. २००८च्या दुरुस्तीने वेबसाइटला मुभा मिळाली, तीही ठरावीक माहितीपुरती: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंद, शिक्षण, आणि कोणत्या प्रकारची कामं करता. बस. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची यादी लावून गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या ऑनलाइन सेवांबद्दल कडक निकाल दिला, आणि त्यानंतर बार कौन्सिलनेही राज्यांच्या कौन्सिलांना कारवाईचे आदेश दिले. तेव्हा "घटस्फोट पंधरा दिवसांत, आजच फोन करा" छापाचे रील टाकणाऱ्यांनी वेळीच ते काढून टाकावेत.

मग वकिलाने काय करावं? कायदा समजावून सांगावा. सातबाऱ्यावर वारस लावायचा अर्ज कुठे करायचा, चेक परत आला तर नोटिशीची मुदत किती (बँकेकडून कळल्यापासून तीस दिवस), भाडेकरार नोंदवायचा का. शेवटी फोन नंबर देऊ नये, जिंकलेल्या खटल्याचं नाव घेऊ नये. हे शिक्षण झालं, जाहिरात नव्हे. रेषा बारीक आहे आणि ती ओलांडायची नाही, हे मी माझ्या ज्युनियरना पहिल्या दिवशी सांगतो.

------

ताळेबंद

सीएंचंही तसंच. १९४९च्या सीए कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, भाग एक, कलम ६ आणि ७ वाचा. काम मागत फिरणं आणि जाहिरात दोन्ही व्यावसायिक गैरवर्तनात येतं. वेबसाइटबद्दल संस्थेचं तत्त्व कित्येक वर्षं असं होतं: माणसाने स्वतः येऊन माहिती घ्यावी, तुम्ही ती त्याच्या अंगावर ढकलायची नाही. काहीही टाकण्याआधी संस्थेच्या साइटवरची ताजी मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या, सिनियरने काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

मी काय करते ते सांगते. जे आधीपासून अशील आहेत त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो). ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च) दहा दिवस आधी जातात, मोजक्या शब्दांत, मराठीत. ग्रुप करत नाही. ग्रुपमध्ये एका अशिलाला दुसऱ्याचा नंबर दिसतो, आणि गणपती पेठेत कोणाचा हिशेब कोणाकडे असतो हे सगळ्या पेठेला कळायची गरज नाही.

------

मिरज_ओपीडी

मी बालरोगतज्ज्ञ. कृष्णाकाठ यांचा "विचारलेले प्रश्न लिहा" हा मुद्दा अगदी पटला. पण डॉक्टरांसाठी त्यात एक मोठा धोका आहे.

आधी नियम. आमच्यावर २००२ची आचारसंहिता लागू आहे. पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करणं अनैतिक. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही काळ बाहेरगावी आहे, परत रुजू झालो, शुल्क इतकं आहे, अशा मोजक्या गोष्टी औपचारिकपणे जाहीर करता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले, त्यात सोशल मीडियावर वेगळं प्रकरण होतं. पण त्याच महिन्याच्या २३ तारखेला ते स्थगित झाले आणि २००२चे नियम परत आले. तरी त्या प्रकरणातल्या बऱ्याच गोष्टी अशा आहेत की नियम असो-नसो, पाळाव्यात. पेशंटचा फोटो, स्कॅन, ऑपरेशनचा व्हिडिओ टाकायचा नाही. बरं झालेल्या पेशंटकडून कौतुकाचे व्हिडिओ करून घ्यायचे नाहीत. फॉलोअर विकत घ्यायचे नाहीत.

आता धोका. मी लसीकरणाच्या तक्त्यावर एक छोटा व्हिडिओ केला होता. तो पसरला, चांगलं झालं. पण मग रात्री-अपरात्री मेसेजमध्ये बाळाच्या पुरळाचे फोटो येऊ लागले, "डॉक्टर, काय देऊ?" हे आई-बाप माझे पेशंट नाहीत, बाळ मी पाहिलेलं नाही, फोटोत पुरळाचा रंगही खरा दिसत नाही. टेलिमेडिसिनची मार्च २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांप्रमाणे मेसेजवर सल्ला दिला तर तोही सल्लाच ठरतो, त्याची नोंद ठेवावी लागते, जबाबदारी येते. म्हणून मी प्रोफाइलवर पहिल्याच ओळीत लिहिलंय: "इथे औषध सांगितलं जात नाही. ताप असलेलं तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात न्या." दुसरं वाक्य तिथे असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

अजून एक. गूगलवर कुणी वाईट अभिप्राय लिहिला तर उत्तर देताना "तुमच्या मुलाला त्या दिवशी अमुक झालं होतं" असं कधीही लिहू नका. पेशंटची माहिती चारचौघांत उघड होते. "आपण प्रत्यक्ष येऊन भेटा, बोलू" एवढंच.

------

षड्ज

मी मिरजेचा. आमच्या घरात वाद्यं करण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. बैठकीत मोठ्या भावाला पाठवलं होतं, इथे मी लिहितोय.

आमच्याकडचा अनुभव जरा वेगळा आहे म्हणून सविस्तर लिहितो. आमचं गिऱ्हाईक गावात नाहीच. पुण्या-मुंबईचे, कोलकात्याचे, धारवाडचे गवई आणि शिकणारी मुलं, आणि परदेशातले. पूर्वी गुरू सांगायचे, "मिरजेला जा, अमक्याकडून घे." आता गुरूसुद्धा म्हणतात, "व्हिडिओ मागव." आणि इथेच खरी अडचण होती. तंबोऱ्याचा आवाज फोनवर पोचत नाही. चार तारा जुळलेल्या असतात, जवारी उघडलेली असते, खोलीत नाद नुसता भरून राहिलेला असतो आणि व्हॉट्सॲपवर तोच व्हिडिओ गेला की पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. आम्ही काय काय करून बघितलं ते सांगतो, इतरांना उपयोग होईल.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, मग तो दाबला जात नाही. फोन भोपळ्यासमोर धरायचा नाही, तारा जिथे घोडीवर टेकतात त्याच्या वरच्या बाजूला, हातभर लांब. पंखा बंद. ऐकणाऱ्याला आधीच लिहायचं: हेडफोन लावून ऐका. एवढ्याने पुष्कळ फरक पडला.

आणि लोकांना सगळ्यात जास्त आवडलं ते जवारी लावतानाचं चित्रण. आधीचा बसलेला, बंद आवाज, मग कानसेने घोडीचा माथा किंचित घासायचा, तार परत चढवायची, ऐकायचं, परत घासायचं, शेवटी तारेखाली सूत सरकवायचं आणि एकदम आवाज मोकळा होतो. हे आमच्या वडिलांचं रोजचं काम. त्यांना वाटायचं यात दाखवण्यासारखं काय आहे! आता ते स्वतः मला हाक मारतात, "ये, या तंबोऱ्याची जवारी छान उघडतेय, घे." पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आले की ते निवडताना, ठोकून बघताना त्यांचं चित्रण करतो. कुठला भोपळा सतारीला, कुठला तंबोऱ्याला, का नाकारला, हे ते बोलत जातात. माझ्या दृष्टीने ही विक्रीपेक्षा मोठी गोष्ट आहे, कारण त्यांचं हे बोलणं दुसरीकडे कुठेच नोंदवलेलं नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून "मिरजेची सतार" म्हणून भलत्याच गावची वाद्यं ऑनलाइन विकणारेही वाढले. मानांकनाचं नाव लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, तो दाखला आम्ही पानावर वरच लावून ठेवलाय. बाकीच्या कारागिरांनीही लावावा.

------

बे_एरियातून

षड्ज, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी मूळची सांगलीची, गावभागातली. इथे कॅलिफोर्नियात गाणं शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांनी मिरजेहून तंबोरे मागवले आहेत. ग्राहक म्हणून सांगते, आम्हाला चकचकीत रील नको असते. तीन गोष्टी हव्या असतात: हाच नग मला येणार आहे याची खात्री, पेटीत कसा बांधणार याचा फोटो, आणि उशीर होणार असेल तर तसं सांगणारा एक मेसेज.

ऑगस्ट २०२५ मध्ये टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली, ती ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाली. त्या मधल्या काळात ज्या कारागिराने दर आठवड्याला "अजून थांबलंय, वाद्य कपड्यात गुंडाळून आत ठेवलंय" एवढं कळवलं, त्याच्याकडेच माझ्या आणखी विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. दुसऱ्या एकाने पैसे घेऊन फोन उचलणंच बंद केलं. वाद्य आलं, चांगलं आलं, पण आता त्याचं नाव मी कुणाला सुचवत नाही.

------

सोनाका

तासगाव. बेदाणा. बैठकीत "रंग लावता का" हा कागद माझाच होता.

मी हे केलं: शेडवर उभं राहून सगळी प्रक्रिया दाखवली. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो, रॅकवर सावलीत पसरतो, हिरवेपणा त्या सावलीमुळे टिकतो. पिवळ्याला गंधकाची धुरी देतात, तेही लपवलं नाही, स्पष्ट सांगितलं. घरच्या मंडळींना भीती होती की गंधकाचं नाव काढलं तर गिऱ्हाईक पळेल. तसं झालं नाही. उलट ज्यांना धुरी नको ते स्वतःहून तसा माल मागू लागले, आणि तो आम्ही वेगळा ठेवतो.

नवीन लोकांना दोन सूचना. खाण्याचा माल विकताय तर घरगुती असलात तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर आणि पानावर दोन्हीकडे टाका. दुसरं, "रोज खा, मधुमेह जाईल" असलं काही लिहू नका. १९५४चा जादूटोणा छापाच्या औषधी जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत मधुमेह आहे. हळदीवाल्या ताईंनी कॅन्सरचं नाव तर अजिबात घेऊ नये.

------

मार्केट_यार्ड

मी हळदीचा अडत व्यापारी. मला यातलं फार काही लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझा खरेदीदार राजकोटला नाहीतर दिल्लीला बसलेला असतो. त्याला हळकुंड हातात घेऊन मोडून बघायचं असतं, आतला रंग बघायचा असतो. फोटोत राजापुरी आणि दुसरी हळद सारखीच पिवळी. त्याला नमुना पाठवावाच लागतो. सांगलीच्या हळदीला २०१८ला मानांकन मिळालं, बाजारपेठेचं नाव जुनं आहे. घाऊक धंदा ओळखीवर आणि शब्दावर चालतो.

सोशल मीडियाचा त्रास मात्र होतो. कुठल्या तरी दुसऱ्या बाजारातला, कुठल्या तरी एका पोत्याला मिळालेला दर गावागावांतल्या ग्रुपवर फिरतो. शेतकरी तोच धरून येतो, सौद्यात तो मिळाला नाही की त्याला वाटतं अडत्याने बुडवलं. म्हणून मी रोज संध्याकाळी त्या दिवसाचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी दर, सोबत किती आवक झाली ते, एवढंच माझ्या शेतकऱ्यांना पाठवतो. माझ्यासाठी तेवढा सोशल मीडिया पुरे.

------

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मार्केट_यार्ड काका, तुम्ही रोज संध्याकाळी पाठवता तो दराचा मेसेजच मला या धाग्यातला सगळ्यात चांगला नमुना वाटतो. शेतकऱ्याच्या मनात जो प्रश्न असतो त्याचं त्या दिवशीचं खरं उत्तर तुम्ही देताय. सरासरीसोबत आवक देताय, म्हणजे दर कशामुळे पडला तेही त्याला कळतं. याला रील कशाला हवी?

बे_एरियातून ताई, पेटीच्या फोटोची सूचना मी मिरजेत सगळ्यांना पोचवतो.

एजन्सीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही.

------

उभी_फ्रेम

मी लिहिते. मी सांगलीतल्या काही दुकानांचं, एका कापडवाल्यांचं, एका सराफांचं, दोन हॉटेलांचं काम बघते. शूटिंग, संपादन, पोस्ट, जाहिरात सगळं.

मालक मंडळी पहिल्या भेटीत विचारतात, "फॉलोअर किती वाढवून देणार?" मी त्यांना विचारते, "मेसेजला उत्तर कोण देणार?" कारण सगळं तिथेच सांडतं. साडीची रील चांगली गेली, शंभर जणींनी "किंमत?" विचारलं आणि दुकानातून "डीएम करा" (खासगी मेसेज करा) एवढंच उत्तर. मग डीएमला उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर त्या बाईने दुसरीकडून घेतली. माझ्या कामात मी हट्टाने दोन गोष्टी करून घेते. किंमत रीलवरच लिहायची. आणि दुकानात एका माणसाच्या हातात तो फोन द्यायचा, ज्याला मालाची माहिती आहे आणि ज्याला सवलत द्यायचा अधिकार आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या काकूंकडे दिला तिथे सगळ्यात चांगलं चाललंय.

तांत्रिक बाबी पटापट. इन्स्टाच्या बिझनेस खात्याला सगळी गाणी वापरता येत नाहीत, सिनेमाचं गाणं लावलं की आवाज जातो किंवा व्हिडिओच काढला जातो. दुकानातला खरा आवाज ठेवा, षड्ज यांच्यासारखा. खाली मराठीत ओळी द्या, लोक आवाज बंद ठेवून बघतात. पैसे लावून जाहिरात चालवायची तर सगळ्या महाराष्ट्रावर उधळू नका, सांगलीच्या आजूबाजूचा पट्टा निवडता येतो. शहराबाहेरून माणूस कंगव्यासाठी येत नाही, पण शालूसाठी जमखंडीवरून येतो, हे धरून अंतर ठरवा.

फूड पेजवाल्यांना पैसे किंवा फुकट जेवण देऊन व्हिडिओ करून घेत असाल तर त्यावर "जाहिरात" असं दिसायला हवं. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे नियम २०२१ पासून आहेत, ग्राहक व्यवहार मंत्रालयाचे २०२२चे आहेत, आणि खोट्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गूगलवरचे अभिप्राय विकत देणारे फोन तुम्हाला येतील. घेऊ नका. मी अशा दुकानाचं काम हातात घेत नाही.

------

रंकाळा

कोल्हापूरहून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. त्यावर जो आवाज उठला तो आधी फोनांवरूनच उठला, आणि शेवटी कंपनीला प्रेरणा कुठली ते मान्य करावं लागलं. त्या दिवसांत इथल्या ज्या चप्पलवाल्यांचं पान आधीपासून तयार होतं, ज्यांनी कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतचं काम दाखवून ठेवलं होतं, त्यांच्याकडे लोक थेट पोचले. ज्यांचं काहीच नव्हतं त्यांनी नंतर घाईघाईने खातं काढलं, तोवर लोक दुसऱ्या विषयाकडे वळले होते. लक्ष कधी वळेल ते आपल्या हातात नाही. तोवर दुकान मांडून ठेवणं आहे.

------

पासवर्ड_बदला

एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. पानं चोरीला जातात. "तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केलाय, २४ तासांत अपील करा" असा मेसेज येतो, खाली लिंक असते, दिसायला हुबेहूब मेटाची (फेसबुक-इन्स्टावाल्या कंपनीची). मालक घाबरून पासवर्ड टाकतो, आणि पुढच्या दहा मिनिटांत पान गेलं. मग त्याच पानावरून ओळखीच्या लोकांकडे पैसे मागितले जातात. माझ्या ओळखीत एका दवाखान्याचं असं झालं. पेशंटनी विश्वासाने पैसे पाठवले, तेच वाईट वाटतं.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) आजच चालू करा, व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा. पान कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यावर काढू नका, तो नोकरी सोडून गेला की पान त्याच्याबरोबर जातं. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात.

------

मिरज_ओपीडी

पासवर्ड_बदला यांना अनुमोदन. आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर हे तसंच्या तसं टाकतोय, चालेल ना?

------

पासवर्ड_बदला

जरूर टाका.

------

काळा_कोट

एक भर. ग्राहकांचे नंबर, पेशंटची माहिती जमवताय तर २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम डोळ्यांखालून घाला. टप्प्याटप्प्याने लागू होतायत. जमवलेले नंबर दुसऱ्याला देणं, विकणं, लग्नाच्या हॉलवाल्याकडून याद्या विकत घेणं, हे आताच थांबवलेलं बरं.

------

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. छापखान्यात रोज माणसांची कार्डं छापतो, पण त्या माणसांना काय काय माहीत आहे हे या धाग्यामुळे कळलं.

पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, त्याच खोलीत. यावेळी चर्चा कमी आणि काम जास्त. प्रत्येकाची गूगलवरची नोंद तिथेच उघडून वेळ, पिन, सुट्टीचा वार आणि दाराचा फोटो नीट करायचा. कन्नडसाठी फिजिओ ताई मदत करणार आहेत. टू-स्टेप सगळ्यांच्या फोनवर तिथेच लावायचं, पासवर्ड_बदला, तुम्ही याल का? काळा_कोट आणि ताळेबंद यांनी आपापल्या नियमांचा एकपानी मराठी कागद लिहून दिला तर छपाई माझ्याकडून.

मसालेवाल्या ताईंना निरोप: एफएसएसएआय नोंदणीचा फॉर्म भरायला सोनाका दादा बसणार आहेत, आधार आणि पत्त्याचा पुरावा घेऊन या.

------

सोनाका

येतो. पासपोर्ट साइज फोटो पण आणायला सांगा, नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

------

षड्ज

वडील म्हणतायत, खोलीत पंखा बंद करता येत असेल तर ते तंबोरा घेऊन येतात, आवाज कसा टिपायचा ते सगळ्यांनाच दाखवतील.

------

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

पंखा बंद. त्यांना न्यायला-आणायला गाडी पाठवतो, साडेनऊला तयार राहायला सांगा.